देवयानीताई गात का नाहीत

गाणं शिकवणारी बाई स्वतः कधीच गात नसेल, तर माणसानं संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? पोहायला शिकवणारा कधी पाण्यातच उतरला नाही, तर आपण आपलं पोर त्याच्या हवाली करू का?

हा प्रश्न मी प्रीताला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्या वेळा विचारला की शेवटी ती वैतागून म्हणाली, "विक्रम, ऑफिसचं काम घरी आणू नकोस." तिचंही बरोबर होतं. इथे परदेशात, ट्रॉय शहरात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी ऑडिटर आहे, म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. समोरचा गोड हसून "एव्हरीथिंग इज फाइन" म्हणाला की माझे कान टवकारतात.

देवयानी सरंजामे यांच्या संस्थेचं नाव 'निजस्वर कॉन्झर्व्हेटरी'. बंद पडलेल्या एका दातांच्या दवाखान्याच्या जागेत तीन खोल्या, शेजारी टॅक्सवाल्याचं ऑफिस. आपण ज्याला साधा गाण्याचा क्लास म्हणतो त्याला कॉन्झर्व्हेटरी म्हटलेलं बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर संस्थेची तत्त्वं लावलेली, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत. 'इथे शिक्षक गाऊन दाखवत नाहीत. इथे कुणाची नक्कल होत नाही. इथे घाई नाही.' यातलं शेवटचं वाक्य मी आमच्या फॅक्टरीत लावलं असतं, तर त्याच दिवशी मला खोक्यात सामान भरायला सांगितलं असतं.

शिकवण्याची तऱ्हाही निराळीच. ताई तानपुरा छेडत बसायच्या आणि मुलांनी आपापला सा शोधायचा. तो सापडेपर्यंत ताई डोळे मिटून वाट बघणार. मग पेटीवर रागाचे सूर दाखवायच्या, बंदिशीचे शब्द फळ्यावर लिहायच्या आणि म्हणायच्या, "आता तू म्हण. तुला कसं म्हणावंसं वाटतं?" तेरा वर्षांच्या पोरीला काय वाटणार, कपाळ? घरी कुठलाही एक गायक लागोपाठ ऐकायचा नाही, असाही दंडक होता. आज एकाचं ऐकलं की उद्या दुसऱ्याचं. कुणाचंच पुरतं कानात बसू द्यायचं नाही.

आमची रुचा मात्र तिथे स्वतःहून जायची. हे सांगायला हवं, कारण रुचा स्वतःहून कुठेच जात नाही. कथक सोडलं, व्हायोलिन सोडलं, रोबोटिक्स तर दुसऱ्याच शनिवारी सोडलं. शाळेतून आली की खोलीचं दार बंद. काही विचारलं तर "फाइन", आणखी विचारलं तर "बाबा, प्लीज". पण या क्लासला लागल्यापासून ती घरात गायला लागली. डिशवॉशर रिकामा करताना, जिन्यावरून उतरताना, मोजे शोधताना. आवाज चांगला होता असं मी म्हणणार नाही. थोडा घोगरा, थोडा नाकातला. गंधारावर जाताना ती खालून अशी चढायची, जणू दार आतून लावलंय का ते ढकलून बघतेय. कधी शब्दाच्या मध्येच श्वास घ्यायची. पण ती गायला लागली की मी टीव्ही म्यूट करायचो. आम्हाला आमची मुलगी ऐकू यायची ती तेवढीच.

तरीही तुलना काही सुटत नाही. इकडेच दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची निधी रुचाच्याच वयाची. पुण्याच्या कुठल्याशा पंडितांकडे ऑनलाइन शिकते. तिचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर यायचे आणि तिच्या ताना अशा सुटायच्या की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. खाली काका-मावशींचे हात जोडलेले इमोजी. रुचाचा व्हिडिओ टाकायची माझी हिंमत झाली नाही.

क्लास सुटायची वाट बघत आम्ही पालक पार्किंग लॉटमध्ये उभे राहायचो. सुमंत नागपूरचा, त्याची अनन्या रुचाबरोबरच शिकते. तो म्हणाला, "यार विक्रम, बाईला गाताच येत नाही. लिहून घे माझ्याकडून. पेटीवर बोटं फिरवून आपल्याला गंडवते आहे."

मी सरळ जाऊन विचारलं. पंचावन्नच्या आसपासच्या, कॉटनच्या साडीवर जाड स्वेटर घातलेल्या ताई तानपुऱ्याला गवसणी घालत होत्या.

"ताई, तुम्ही गात का नाही?"

"मी गायले की मुलं गायची थांबतात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच."

उत्तर इतकं घोटीव होतं की माझा संशय बळावलाच. सप्लायरकडे अशी तयार उत्तरं असतात तेव्हा आम्ही हमखास गोडाउन उघडायला लावतो. मी इंटरनेटवर शोधलं. देवयानी सरंजामेंचं एकही गाणं नाही, मैफल नाही, फोटो नाही. सांगलीला कुणा बाईंकडे बरीच वर्षं शिकल्या, एवढंच काय ते वेबसाइटवर.

मग आला गणपती. आमच्या मंडळाच्या आरतीला ताई आल्या होत्या. मी प्रसादाचं ताट घेऊन मुद्दाम त्यांच्या समोर उभा राहिलो. बाई टाळ्या वाजवत होत्या, पण ओठ घट्ट मिटलेले. अहो, आरतीला कोण गप्प उभं राहतं? आमचे नंदूकाका, ज्यांना सूर म्हणजे काय हे देवानं सांगितलंच नाही, तेसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मी सुमंतला डोळ्यानं खुणावलं. त्यानं मान हलवली. आता मला पुरावाच मिळाला होता.

दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. हायस्कूलचं ऑडिटोरियम गच्च भरलेलं, पहिल्या तीन रांगांत निजस्वरची मुलं. नाटुकलं संपलं, फराळाला अजून अवकाश होता. मी माईक हातात घेतला आणि कुणालाही न विचारता जाहीर करून टाकलं, "आणि आता एक सरप्राइज! आपल्या देवयानीताई आपल्यासाठी एक भजन गाणार आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या कडकडल्या. ताई उठल्या, पायऱ्या चढून माझ्याजवळ आल्या आणि माईकवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "मुलांना बाहेर पाठवा."

आली का पळवाट, मी मनात म्हटलं. "मुलांनी तर ऐकायलाच हवं, ताई."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून करताय ना हे?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग नंतर या घरी, तुमच्या एकट्यासमोर गाते. पोटभर गाते. इथे नको."

मी जरा चपापलो, नाही असं नाही. पण खाली सुमंत छातीवर हात बांधून बघत होता. आणि पहिल्या रांगेतून माझीच रुचा उभी राहून ओरडली, "ताई, प्लीज! प्लीज, ताई!" मग सगळीच मुलं ओरडायला लागली. ताईंनी मुलांकडे बघितलं आणि मांडी घालून स्टेजवरच बसल्या.

काय सांगू! पहिल्या स्वरालाच सभागृहातली कुजबुज थांबली. खोल, भरीव, काळजाला हात घालणारा आवाज. ओळ संपताना त्या स्वर सोडून द्यायच्या, तो घरंगळत खाली जायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी गळ्यातून एक हुंकार देऊन त्याला उचलून घ्यायच्या. माझ्यासारख्या औरंगजेबाच्या अंगावर काटा आला. प्रीता रडत होती. सुमंतनं छातीवरचे हात कधी सोडले ते त्यालाही कळलं नसेल. भजन संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ताई फराळाला न थांबता, कुणाशी न बोलता, कोट घेऊन निघून गेल्या.

बाईंना गाता येतं, हे ठरलं. आता मला नवाच संशय. असलं सोनं माणूस लपवून का ठेवतो? काहीतरी भानगड असणार. सांगलीहून का आल्या, कुणाशी भांडल्या, कुणाला फसवून आल्या? सुमंत म्हणाला, "सोड ना यार आता, मस्त गाते बाई." मी काही सोडलं नाही.

घरात मात्र आनंदीआनंद होता. रुचा आता तासन्‌तास गात होती. डिसेंबर लागेपर्यंत तिचा आवाज नुसता पालटला. प्रीता स्वयंपाकघरातून मला बोलवायची, "ऐकलंस? काय सुधारली रे!" खरंच सुधारली होती. आवाजाला खोली आली, श्वास जागच्या जागी आले. मी तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि काका-मावशींचे इतके हात जोडलेले इमोजी आले की निधीच्या बापानं फोन करून विचारलं, "कुठल्या गुरूंकडे पाठवतोस?" माझी कॉलर ताठ झाली.

एका शनिवारी रुचा आणि अनन्या दोघींना मी क्लासला ड्राइव्ह करून नेत होतो. बर्फ पडत होतं, माझं लक्ष रस्त्यावर. मागच्या सीटवर गाणं सुरू झालं. खोल, भरीव, ओळीच्या शेवटी घरंगळणारा स्वर आणि मग तो हुंकार. मी म्हटलं, "वा, रुचा!"

"बाबा, दॅट्स अनन्या," रुचा म्हणाली.

मग दुसरी गायला लागली. तोच आवाज, तोच हुंकार. मी आरशात बघितलं, तेव्हा कुठे मला माझी मुलगी कोणती ते कळलं. आमच्या फॅक्टरीत एका साच्यातून निघालेले भाग हुबेहूब निघाले की मी पास करतो. मागच्या सीटवरच्या या दोघींना मात्र मला पास करवेना.

मुली तानपुऱ्यापाशी बसल्या आणि मी ताईंना बाजूच्या खोलीत गाठलं. "तुम्ही त्यांना गाऊन शिकवायला लागलात का?"

"नाही. त्या दिवसानंतर एक स्वर काढला नाही मी."

"मग सगळ्या एकसारख्या का गातायत?"

ताईंनी उत्तर न देता फोन काढला आणि काहीतरी लावलं. खरखर, जुन्या रेकॉर्डिंगची. मग तो आवाज. दिवाळीतला. तोच खोल गळा, तोच हुंकार.

"हे तुमचंच ना?" मी विचारलं. "म्हणजे रेकॉर्डिंग आहेत. मग लपवता कशाला?"

"माझं नाही. आमच्या बाईंचं आहे. मी जन्मायच्या आधीचं."

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा लावायला सांगितलं, त्यांनी पुन्हा लावलं. श्वाससुद्धा त्याच जागी होते.

"दहा वर्षांची असताना मला त्यांच्याकडे ठेवलं," त्या म्हणाल्या. "बाई गायच्या, आम्ही मागून गायचो. शिकवायची तीच रीत आणि बाईंचं गाणं इतकं सुंदर, की दुसरं काही गावंसंच वाटायचं नाही. लोक म्हणायचे, पोरीनं बाईंचा गळा उचललाय. केवढी शाबासकी वाटायची! तुम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतात ना, ते बाईंना. मी तिथे नव्हतेच."

"आणि तुमचा आवाज?"

"असेल की काहीतरी. मला आठवत नाही. घरी विचारायला जाईपर्यंत आठवणारे कुणी उरले नव्हते. म्हणून तर हे काढलं," त्यांनी भिंतीपलीकडे हात केला. "निदान इथल्या पोरांना आपलं काय ते सापडेपर्यंत कुणी अडवू नये म्हणून. मुलं भराभर उचलतात हो. चांगलं असलं की जास्तच." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "रुचा आधी कशी गायची, आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"मग तुम्ही विसरू नका."

मला त्यांचा राग आला. आधी नीट समजावून का नाही सांगितलं? पण मी विचारलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, आणि मी ते वाक्य घोटीव आहे म्हणून टाकून दिलं होतं. आता त्या रागाचं काय करावं, मला कळेना.

अनन्याला सुमंत घेऊन गेला. मी आणि रुचा आमच्या गाडीत बसलो. काचेवरचं बर्फ वितळायची वाट बघत मी म्हटलं, "रुचा, तू आधी गायचीस ना, तसं एकदा म्हण."

"आधी म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी."

"आय ऑल्वेज सिंग लाइक धिस, बाबा."

"नाही गं. तू अशी खालून चढायचीस, थांबत थांबत..." मला सांगता येईना. माझ्याकडे त्यासाठी शब्दच नव्हते. शेवटी मी, ज्याला उभ्या आयुष्यात कुणी गा म्हटलं नाही, गाऊनच दाखवलं. नाकातून, घोगऱ्या आवाजात, गंधारापाशी ढकलून बघत, शब्दाच्या मध्येच श्वास घेत. आणि खरं सांगतो, मला बऱ्यापैकी जमलं. इतके दिवस टीव्ही म्यूट करून ऐकलं होतं ते.

रुचा तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"ओ माय गॉड, बाबा! असं कोण गातं?"

तिनं स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले, "हे बघ, असं," म्हणाली, आणि सांगलीच्या त्या बाईंच्या आवाजात मला नीट गाऊन दाखवायला लागली.