सुतकातल्या गारा

मार्चअखेरचा रविवार होता आणि मी नेहमीसारखी सकाळच्या बसने नाशिकहून ओझरला आले होते. बाबा विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा आईबाबांनी हायवेपासून आत, द्राक्षबागांच्या कडेला लहानसं घर बांधलं. जेवणं झाली होती. बाबा आडवे झाले होते. आई लसूण सोलत होती आणि मी वाचत होते. मधूनच ती विचारायची, "काय लिहिलंय?" मी सांगायचे. ऐकून घेऊन ती म्हणायची, "बरं. आणि मग?" तिच्या 'आणि मग'ला कुठलंच पुस्तक पुरत नसे.

चारच्या सुमारास अंधारून आलं. वारा सुटला आणि गच्चीवरच्या पत्र्यावर काहीतरी टणकन वाजलं. मग एकदम शेकडो. लसणाचं ताट बाजूला सारून आई उठली. "आल्या!" असं ती ओरडली, आणि लगेच समोरच्या सावळीराम मामांच्या बागेकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. त्यांची शेवटची तोडणी व्हायची होती.

गारा थांबल्या तेव्हा ती पोळ्यांचा चिमटा आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन अंगणात होती. हाताच्या उबेने गार वितळते, म्हणून चिमटा. तिच्या दुसऱ्या हातात छिद्रांची एक पट्टी होती. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आई अनेक वर्षं कामाला होती. परदेशी जाणारा मणी या छिद्रांतून मोजतात. आई गारा मोजत होती. सावळीराम मामा कुंपणापलीकडे नुसतेच उभे होते. आई ओशाळून थांबली.

"वेच, मीनावहिनी," ते म्हणाले. "कुणाच्या तरी कामी येऊ दे."

हे सगळं इन्शामुळे सुरू झालं होतं. इन्शा मालेगावची मुलगी, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गारपिटीवर पीएचडी करणारी. दोन वर्षांपूर्वी ती द्राक्षपट्ट्यात गावोगाव फिरली. गारा पडल्या की लगेच उचला, पिशवीत घाला, फ्रीजरमध्ये ठेवा आणि मला फोन करा, असं तिने सांगितलं. लोक हो म्हणाले आणि विसरले. आईने तिला बसवून घेतलं, पोहे केले आणि विचारलं, "पण गारेच्या पोटात काय बघणार तू?"

गार कापली की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. ढगात गार वर फेकली जाते, खाली येते, पुन्हा वर जाते आणि प्रत्येक फेरीला एक पापुद्रा चढतो, असं मी शाळेत शिकले होते. आईलाही मीच सांगितलं होतं. इन्शा म्हणाली, आता याबद्दल शंका आहे. पाण्यात थोडा जड ऑक्सिजन असतो. ढगात जितकं वर जावं, तितकं त्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून एकेक पापुद्रा वेगळा वितळवून तपासला, तर तो किती उंचीवर चढला ते कळतं. बाहेरच्या देशांत काहींनी तसं तपासलं, तर बऱ्याच गारा वर-खाली झालेल्याच दिसेनात.

"मग आमच्या ओझरच्या काय करतात?" आईने विचारलं होतं.

"तेच तर माहीत नाही, काकू. इकडच्या गारा कुणी तपासल्याच नाहीत."

तेव्हापासून आई वाट बघत होती. मागच्या वर्षी पडल्या त्या वाटाण्याएवढ्या, उचलेपर्यंत पाणी झालेल्या. या रविवारी मात्र एक गार पट्टीच्या सगळ्यात मोठ्या छिद्रातूनही जाईना. आईने ती दिव्यासमोर धरली, चिमट्यातच. "किती वेळा वर गेली असशील गं?" असं तिलाच विचारलं, मग पिशव्या स्टीलच्या डब्यात भरून डबा फ्रीजरमध्ये ठेवला आणि इन्शाला मेसेज केला.

उशीर झाला म्हणून मी राहिले. सकाळी चहा टाकताना आई ओट्याला धरून खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

फोन सगळे माझ्या आतेभावाने, किशोरने केले. मामी गेली. मामी वारली. मामी राहिल्या नाहीत. समोर कोण आहे त्याप्रमाणे तो शब्द बदलत होता. मी नाशिकला ज्या वाचनालयात काम करते, तिथेही त्यानेच कळवलं. मला ते कुणाला सांगावंच लागलं नाही. भेटायला येणाऱ्याला आधीच माहीत असायचं, आणि ज्याला माहीत नव्हतं त्याला मी सांगितलं नाही.

दुपारी स्मशानातून सगळे परतल्यावर सुलाआत्याने घर हातात घेतलं. ही बाबांची मोठी बहीण, किशोरची आई, चांदवडच्या बाजूची, रडून डोळे सुजलेले आणि पदर खोचलेला. घरातलं शिजलेलं अन्न बाहेर गेलं. माठ, हंडा, पिंप, सगळं भरलेलं पाणी ओतलं गेलं. आमच्यात तशी रीत आहे. मग तिने फ्रीज उघडला.

"हे काय गं पोरी, एवढं गार?"

"गारा आहेत, आत्या. कालच्या. आईने वेचलेल्या."

"म्हंजी पाणीच की. आण, ओतते."

मी डबा तिच्या हातातून घेतला. "हे भरलेलं पाणी नाही. आभाळातून पडलंय."

"माठातलं काय जमिनीतून उगवलं व्हतं? घरात व्हतं का नाय ती गेली तवा? मग झालं तर."

"आई, गोठलेल्याला कुठे नियम असतो?" किशोर म्हणाला.

"बर्फाचा ट्रे ओतलाच की मी."

"दुधाची पिशवी?"

"ती बी दिली. तू मला शिकवू नको, गुरुजींला फोन लाव."

किशोर खरंच फोन घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा विचित्र झाला होता. हसू दाबत असावा. "गुरुजी म्हणतात, गारांचं आजवर कुणी विचारलं नाही."

"मग आता विचारलंय म्हणावं!"

मी डबा धरून उभी होते. माझ्या हातातच त्या वितळत होत्या. आईने ज्याची दोन वर्षं वाट पाहिली, ते या डब्यात होतं, आणि तिच्या माघारी ते ओतलं गेलं असतं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. हे आत्याला कसं सांगावं ते मला सुचेना. माझा आवाज चढला, तिचाही चढला.

बाबा कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. सकाळपासून ते बोलले नव्हते. ते म्हणाले, "भांडता कशाला? मीनाला विचारा ना. तिच्या आहेत त्या."

आत्या मटकन खाली बसली.

त्याच वेळी इब्राहिमभाई थर्मासमधून चहा घेऊन आले, आमच्याकडे चूल पेटायची नव्हती म्हणून. कोपऱ्यावर त्यांचं कुल्फीचं दुकान आहे. त्यांनी डब्याकडे पाहिलं, किशोरकडून सगळं ऐकलं, आणि आत्याला अदबीने विचारलं, "ताई, घराच्या बाहेर गेल्या तर चालेल का? माझ्या दुकानात डीप फ्रीजर आहे. मलई कुल्फीच्या खाली ठेवतो. भाभींची चीज आहे, कुणी हात लावणार नाही."

आत्याने नाक पुसलं. बराच विचार केला. "पाणी घराबाहेर गेलं म्हंजी झालं," ती म्हणाली. "कुठं जावं ते कुठं सांगितलंय?"

आणि तिनेच उठून डबा घेतला. दारातून निघताना तिने तो छातीशी कवटाळला.

"आत्या, लांब धर! वितळतील!"

तेव्हा दोन्ही हात पुढे ताणून, जणू डब्यात काहीतरी जिवंत आहे अशी, ती सबंध गल्लीतून चालत गेली. मागून इब्राहिमभाई, त्यांच्यामागे मी.

चार-पाच दिवसांनी इन्शाचा फोन आला, माझ्या मोबाईलवर; आईने तिला माझाही नंबर देऊन ठेवला होता. "काकूंचा नंबर बंद येतोय. मेसेज बघितला आणि उडीच मारली मी! गारा नीट आहेत ना? येऊ न्यायला?"

"नीट आहेत. तू येऊ नको, मीच आणते."

"काकूंना पण आणा."

"बघू," मी म्हणाले.

तेराव्यानंतर इब्राहिमभाईंनी कुल्फीच्या जुन्या डब्यात बर्फ आणि मीठ ठासून भरलं. मीठ घातलं की बर्फ आणखी थंड होतो, हे त्यांचं रोजचंच. मधोमध आईचा डबा बसवला, झाकणावर गोणपाट गुंडाळलं. किशोरने गाडी पुण्यापर्यंत न थांबता हाणली. संस्थेच्या दारात इन्शा भर एप्रिलात जाड जॅकेट घालून उभी होती. तिने आधी माझ्या मागे पाहिलं.

"काकू नाही आल्या?"

"नाही आल्या."

तिने मलाही एक जॅकेट दिलं आणि शीतखोलीत नेलं. मोठ्या गारेचा तिने तारेने काप काढला, कागदासारखा पातळ, आणि दोन काळसर काचांमध्ये धरून दिव्यासमोर नेला. माझ्या डोळ्यांसमोर ती बिनरंगी गार निळी, केशरी, जांभळी झाली. मधे बारीक दाणे, बाहेर लांबट पाकळ्या. प्रत्येक रंग म्हणजे एक वेगळा स्फटिक, इन्शाने सांगितलं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. थंडीने बोटं आखडली तरी बाहेर यावंसं वाटेना.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी ओझरला होते. कुकर लावून कणीक मळायला बाबांसमोर येऊन बसले, तेवढ्यात इन्शाचा फोन आला. हाताला पीठ लागलं होतं, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"आकडे आले!" तिला दमच धरवत नव्हता. "ती मोठी गार आठवते ना? गाभ्यापासून सालापर्यंत सगळ्या पापुद्र्यांचे आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे ती वर-खाली झालीच नाही! जमिनीपासून पाचेक किलोमीटरवर, एकाच उंचीवर तरंगत राहिली, तिथेच वाढली आणि मग सरळ खाली आली."

"पण ते दुधी आणि काचेसारखे थर?" मी विचारलं.

"पाणी भरभर गोठलं की हवा अडकते, थर दुधी होतो. सावकाश गोठलं की स्वच्छ. त्यासाठी फेऱ्या मारायलाच हव्यात असं नाही. अर्थात, लहान गारांतली एक मात्र वर जाऊन आलेली आहे. सगळ्या सारख्या नाहीत. एवढ्याशा गारांवरून मी काही ठासून सांगणार नाही."

बाबा पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला. "पण एवढी जड वस्तू," ते फोनकडे बघून म्हणाले, "इतका वेळ एकाच जागी कुणी धरून ठेवली?"

पलीकडून इन्शा हसली. "काका, आता माझा पुढचा प्रश्न हाच आहे! खालून वर जाणारा वारा धरतो, पण तिच्या वजनाला इतका नेमका कसा पुरतो, ते शोधायचंय. आणि हे तुम्ही नाही, काकूंनी विचारायला हवं होतं. कुठे आहेत त्या? द्या ना त्यांना फोन, त्यांनाच सगळं सांगायचं होतं मला. किती वाट बघत होत्या!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलणार नव्हते. किशोर नव्हता, आत्या नव्हती. फोन आमच्या दोघांमध्ये स्टुलावर होता आणि पलीकडे इन्शा थांबली होती.

"इन्शा," मी म्हणाले, "आई वारली."