साहेबांनी रुमालाने पुसलेली काच

मित्रांनो, मी नखाएवढी एक काच आहे. आता निकामी झाले आहे, आणि त्याचा मला राग आहे.

माझ्या अंगावर सोन्याच्या लाखो काड्या होत्या, एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतक्या बारीक. छपरावरची अँटेना हवेतल्या लहरी पकडते ना, तशा त्या उजेड पकडायच्या. कोणता रंग निवडायचा आणि तो कुठे वळवायचा, हे काड्यांच्या लांबीवर आणि त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं. ती मापं सोलापुरातल्या धम्मप्रियाने दोन वर्षं बसून काढली. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत मी घडले. मी फक्त एक लाल छटा निवडून बाजूला धाडायचे. पाण्यात कापडाचा रंग कणभर जरी असला, तरी ती लाली मंदावायची.

धम्मप्रियाच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी नितळ दिसायचं, पण पोरांच्या अंगाला खाज सुटायची. शेजारीच कापड रंगवायचा कारखाना होता. तिने त्या पाण्याचा थेंब माझ्यावर टाकला. तीनदा टाकला, तिन्ही वेळा लाली मंदावली. तिने तक्रार केली.

तपासायला प्रदूषण मंडळाचे साहेब आले. त्यांनी मला उघड्या बोटांनी उचलून उन्हात धरलं.

"यावर तर काहीच नाही!"

"सर, हात नका लावू—" धम्मप्रिया ओरडली, तोवर त्यांनी खिशातून रुमाल काढून मला खसाखसा पुसलं होतं. काड्याच पुसल्या गेल्यावर माझ्याकडून कसली लाली मिळणार? साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, 'काच सदोष.'

मी सदोष? दोन वर्षांची मेहनत एका रुमालात गेली, आणि दोष माझा?

पंच म्हणून धम्मप्रियाची शेजारीण मीनाबाई उभ्या होत्या. साहेबांनी पेन पुढे केलं. मीनाबाईंनी ते घेतलं नाही.

"काच बिगडली म्हनून लिवलं न्हवं? मग कुनी बिगडवली त्ये बी लिवा की."

"बाई, उगाच वाद नको."

"वाद न्हाय, सायेब. खरं लिवा. तवर मी सही करत न्हाय."

भोवती वस्ती जमली होती. कुणीच हललं नाही. अखेर साहेबांनी खाली एक ओळ वाढवली, 'तपासताना माझ्या हातून पुसली गेली.' मगच मीनाबाईंनी सही केली.

त्या ओळीमुळे फेरतपासणी टाळता आली नाही. नवी काच आली. या वेळी साहेबांच्या हातांत मोजे होते. लाली मंदावली. बोअर बंद झाला आणि वस्तीत नळ आला. कारखाना मात्र नुसती नोटीस घेऊन अजून चालूच आहे!

मित्रांनो, डोळ्यांना दिसत नाही म्हणून काही पुसून टाकू नका, आधी विचारा. आणि तुमच्यासमोर कुणी पुसलंच, तर त्याचं नाव लिहिल्याशिवाय सही करू नका.