सहाशे किलोंचं मंडळ

लोहार धान्याच्या काट्यावर चढला तसा व्यापारी वैतागला. "चपला काढ की. मला काय तुझ्या चपला विकायच्यात?"

"असू दे. सामन्याला काय मी अनवाणी जाणार आहे?"

"मग घरनं ऐरणही घेऊन ये. तीही चढव."

रांगेतले सगळे हसले. सुगीचे दिवस होते. गोदामाच्या दारात गोण्यांची थप्पी लागलेली, बाहेर गाड्या उभ्या, आणि गरम वाऱ्याबरोबर भुसा उडून माणसांच्या भुवयांवर बसत होता. अशा घाईत रस्सीखेच मंडळाचे आठ गडी वजन करून घ्यायला आलेले. व्यापारी चिडणार नाही तर काय करणार? पण मंडळाचे अध्यक्ष स्वतः खुर्ची टाकून बसले होते, आणि गावातलं निम्मं धान्य त्यांच्याच शेतातून येत होतं. त्यामुळे व्यापारी बोलत होता, पण मोजतही होता.

यंदा सामन्यांचा नियम बदलला होता. गेल्या वर्षापर्यंत आठ माणसं, एक दोर आणि मातीत मारलेली पांढरी रेघ एवढंच असायचं. आता आठांचं मिळून वजन सहाशे किलोंच्या वर जाता कामा नये, असा कागद आला होता.

"खुंटा कुठाय? खुंट्या, ये रे!" अध्यक्षांनी हाक मारली.

खुंटा तिथंच होता. गोदामातला हमाल तो. पाठीवरची गोणी त्यानं थप्पीवर टाकली, मानेवरचा घाम पुसला आणि काट्यावर चढला. त्याचं खरं नाव व्यापाऱ्यालाही आठवत नसे. दोराच्या शेवटी जो गडी उभा राहतो, काखेतून दोर घेऊन पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर आणतो आणि टाच मातीत रोवून कलतो, तो हा. सात जण घसरले तरी हा जागचा हलत नसे, म्हणून खुंटा. बाप कामाच्या शोधात या गावात आला आणि इथंच मेला. पोराला मागं ना जमीन राहिली ना भावकी. पंगतीला, बैठकीला, कुणाच्या दारात त्याला कुणी नावानं बोलावलं असं कधी झालं नाही. मंडळात मात्र आठ म्हटलं की त्यातला एक तो होता. शाळेच्या भिंतीवर मंडळाचा फोटो होता, त्यात शेवटून पहिला तो होता. आणि सरावानंतर ओट्यावर बसायचे तेव्हा लोहार सरकून त्याला जागा करून द्यायचा. गावात त्याला बसायला जागा होती ती एवढीच.

"शहाऐंशी," व्यापारी म्हणाला.

शेवटी अध्यक्षांचा भाचा चढला. काट्यानं कुरकुर केली. भाचा यंदाच संघात आला होता. त्याच्याबरोबर नवा दोर आणि आठ निळे टी-शर्टही आले होते. ते अध्यक्षांनी दिले होते.

"शहाण्णव," व्यापारी म्हणाला, आणि कागदावर बेरीज करून मान हलवली. "सहाशे अकरा. अकरा किलो जास्त."

सगळ्यांना जे दिसत होतं ते काट्यावर अजून उभंच होतं.

"मामा, मी चार कमी करीन," भाचा म्हणाला. "त्याच्यावर नाही जमायचं. मला उपाशी राहिलं की चक्कर येते."

"लहानपणापासूनच येते त्याला," अध्यक्ष म्हणाले. "राहिले सात. बाकीच्यांच्या अंगावर आहे काय उतरवायला? नुसती हाडं. खुंट्या, तू भरलेला गडी आहेस. पाच आठवडे आहेत. सात किलो म्हणजे काय, तुझ्यासारख्याला हसत हसत."

लोहार पुढं झाला. "अध्यक्ष, तो दिवसाला शंभरावर गोण्या उचलतो. त्याचं अंग कामाचं आहे, बसून वाढलेलं नाही."

"म्हणजे कुणाचं बसून वाढलंय?"

लोहार मागं सरकला. पण परत जाताना खुंट्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ऐक. हे सगळं भाच्यासाठी चाललंय. उद्या त्यांनी तुला काढलं ना, तर मीही दोराला हात लावणार नाही. पुढचा गडी मी आहे. मी नसलो तर ओढतील काय, धोतर?"

खुंट्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्या रात्री त्यानं ताटातला निम्मा भात परत पातेल्यात टाकला.

बायकोनं पाहिलं. "काय झालं? मीठ जास्त पडलं का?"

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे खाणार त्यांचा भाचा, आणि उपाशी राहणार तुम्ही?"

"संघासाठी आहे ग."

"संघाला तुमची ताकद पाहिजे का तुमचं मांस?"

त्यानं हात धुतले. उतरायचं म्हणजे उतरायचं. माणूस मोठा चिकाटीचा. रोज सकाळी गोदाम उघडलं की आधी स्वतः काट्यावर चढायचा, आणि संध्याकाळी गोण्या संपल्या की पुन्हा. त्यातून त्याला एक गंमत कळली. दिवसभराच्या घामानं वजन दीड-दोन किलो उतरलेलं दिसायचं, आणि तांब्याभर पाणी प्यालं, रात्र गेली, की सकाळी बहुतेक सगळं परत. पहिला आठवडा तो घामालाच वजन समजला आणि खूश झाला. मग कळलं, की पाणी मोजायचं नाही. सकाळचा आकडा तेवढा खरा. तो आकडा हलायचा नाही. म्हणून त्यानं सकाळचं खाणं बंद केलं. मग आकडा हलला.

पंच्याऐंशी. त्र्याऐंशी. तिसऱ्या आठवड्यात गोणी पाठीवर घेताना त्याला पहिल्यांदा भिंतीचा आधार घ्यावा लागला. चौथ्या आठवड्यात पायरीवर गोणी निसटली आणि फुटली. व्यापारी धावत आला.

"अरे, दहा वर्षांत तुझ्या हातून एक गोणी पडली नाही! आजारी आहेस का?"

"नाही शेठ. वजन उतरवतोय."

"हमालानं वजन उतरवायचं?" व्यापारी त्याच्याकडं बघतच राहिला. "तुझ्या अध्यक्षांना म्हणावं, आता बैलालाही उपास सांगा." मग हळूच म्हणाला, "उद्यापासून दोन दिवस तू झाडलोट कर. गोण्या दुसरे उचलतील."

ते ऐकून बायकोचा संयम सुटला. "झाडू दिला तुमच्या हातात! आणखी काय पाहिजे?" ती रडली नाही. ताट वाढून पुढं सरकवलं आणि पाठ फिरवून बसली, त्यानं निम्मं ठेवलेलं दिसू नये म्हणून.

सामन्याच्या सकाळी मैदानाच्या कडेला काटा मांडला होता. काळी माती वाळून भेगाळलेली. रात्री पाणी शिंपडल्यामुळं वरचा पापुद्रा तेवढा मऊ. नदीपलीकडच्या गावचा संघ आधीच वजन करून मोकळा झालेला. हे आठ एकेक करून चढले. खुंटा चढला तेव्हा पंच म्हणाला, "एकोणऐंशी." सात किलो, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी मान डोलावली.

मग भाचा चढला.

"अठ्ठ्याण्णव."

पंचानं बेरीज केली. "सहाशे सहा. सहा जास्त होतायत. बदली गडी असेल तर बघा, नाहीतर बाद."

"कसं काय वाढलं रे?" अध्यक्षांनी भाच्याला विचारलं.

"व्यायाम केला ना मामा. व्यायामानं वाढतं."

बदलीला शिंपी होता. एकोणसत्तर किलोंचा, चष्मेवाला, वेळ पडली तर असावा म्हणून नाव लिहिलेला. भाच्याच्या जागी शिंपी घेतला तर बेरीज पाचशे सत्त्याहत्तर. खुंट्याच्या जागी घेतला तर पाचशे शहाण्णव. दोन्ही बसत होतं. खुंट्यानं ही बेरीज मनात करून ठेवली होती. गोण्या मोजून मोजून त्याला हिशेब पाठ होता. पण अध्यक्षांनीही केली असावी.

"खुंट्या," ते जवळ येऊन म्हणाले, आवाज अगदी मायेचा, "तुझे डोळे बघ किती खोल गेलेत. असा उतरलेला गडी मी शेवटी कसा उभा करू? तुला काही झालं तर मला पाप लागायचं. तू आज विश्रांती घे. शिंपी मधे उभा राहील, आणि शेवटी भाचा."

खुंट्यानं लोहाराकडं पाहिलं. लोहार वाकून बुटांचे पट्टे लावत होता. ते पट्टे कधीच लावून झाले होते. तरी तो त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिला, वर बघितलं नाही.

"टी-शर्ट दे शिंप्याला," अध्यक्ष म्हणाले. "आठच आहेत."

शिंपी दोन पावलं मागं सरकला. "अहो, मी माझ्या सदऱ्यावरच ओढतो की. त्याचा कशाला उतरवता?"

"संघ एकसारखा दिसला पाहिजे."

खुंट्यानं टी-शर्ट काढला. शिंप्याच्या अंगात तो दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबला. मग कुणीतरी म्हणालं, "खुंटा उघडाच बसणार आहे, तर आमच्या चपला सांभाळेल." घड्याळं, चपला, एक पानाचा डबा, सगळं त्याच्या पायाशी येऊन पडलं. गर्दीत बायको होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, ती अध्यक्षांकडं बघत होती.

पहिली खेच डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेली. भाचा टाच रोवायचं सोडून दोराला लोंबकळला आणि आठही जण ओणवे होऊन रेघेपलीकडं गेले. गर्दी हसली. चपलांच्या ढिगाशी बसलेल्या खुंट्याला आत कुठंतरी गार वाटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं. जाऊ दे, म्हणाला मनाशी. आणखी एक खेच, की संपलं.

दुसरी सुरू झाली. आपले पुन्हा सरकायला लागले, वीतभर, मग हातभर. लोहाराचे बूट मातीत चर पाडत रेघेकडं निघाले. आणि तेवढ्यात खुंट्याला एक गोष्ट दिसली, जी दोराच्या शेवटी उभं राहून त्याला इतकी वर्षं कधीच दिसली नव्हती. समोरचे आठ जण एकदम श्वास घेत होते. आठांचे खांदे एकाच वेळी उचलले जायचे, आणि तेवढ्या क्षणात त्यांच्या टाचा मातीत हलक्या व्हायच्या.

तो गप्प बसणार होता. खरंच सांगतो, दात आवळून बसला होता. पण खांदे उचलले गेले, आणि त्याचं तोंड उघडलं.

"ओऽऽढ!"

सात पाठींना तो आवाज सरावातून ओळखीचा होता. विचार न करता त्या मागं पडल्या. दोर हातभर आला. खांदे पुन्हा उचलले. "ओऽऽढ!" तो कधी उभा राहिला त्याला कळलं नाही, चपला तुडवत रेघेच्या बाजूनं धावत होता, उघडा, फासळ्या मोजता येतील असा. "टाच! लोहारा, टाच! थांब… थांब… ओऽऽढ!"

दुसरी खेच आपली झाली. तिसरीही.

फोटो काढताना ढाल भाच्याच्या हातात होती. आठ जण, आठ निळे टी-शर्ट. शिंपी चष्मा पुसत म्हणाला, "त्याला पण घ्या की," पण फोटोवाला तेव्हा "हसा" म्हणत होता. खुंटा चपलांच्या जोड्या लावत होता, कारण धावताना त्यानंच त्या विस्कटल्या होत्या.

घरी जाताना बायको एकच वाक्य बोलली. "तोंड तरी तुमचं स्वतःचं होतं ना, ते तरी मिटून ठेवायचं?"

चार दिवस तो गोदामात झाडूच मारत होता. गोणी पाठीवर येत नव्हती. व्यापाऱ्यानं दोनदा उचलून बघ म्हटलं, दोन्ही वेळा बाजूच्यानं खालून हात दिला. पाचव्या दिवशी दुपारी तो अंगणात बसला असताना अध्यक्ष आले. मागं लोहार होता, फाटकातच थांबलेला.

"खुंट्या, आता जिल्ह्याचे सामने," अध्यक्ष खाटेवर टेकत म्हणाले. "तिथं गट मोठा आहे. सहाशे चाळीस. आपण हलके पडतोय रे. हलक्या माणसांना तिथं पेंढीसारखं ओढून नेतील. शेवटी तूच पाहिजेस. भाच्याला दोर काखेत काचतो. पण असा वाळलेला नको, चांगला भरून ये. महिना आहे. खा. वजन वाढव."

बायको दारात उभी होती, हातात रिकामं पातेलं.

"काय खाऊ घालू?" ती म्हणाली. "यांच्या अंगावरचं होतं ते तुम्ही नेलंत. गोणी उचलली तर घरात चूल पेटते, आणि गोणी आता उचलवत नाही. तुमच्या भाच्याच्या ताटातलं उरतं का काही? ते पाठवा."

"वहिनी, असं तोडून बोलू नका. मंडळ सगळ्यांचं आहे."

"फोटोत मोजली मी. आठ होती."

लोहार फाटकातून म्हणाला, "वहिनी, झालं गेलं जाऊ द्या. ओट्यावर त्याची जागा आम्ही तशीच ठेवलीय. कुणी बसलं नाही तिथं."

बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल, उठून फाटक दाखवेल, निदान मान फिरवेल, म्हणून तिनं वाट पाहिली. अध्यक्षही वाट बघत होते.

खुंट्यानं आपल्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट धरून बघितलं. ती एकमेकांना टेकून वर पेरभर उरत होती. मग त्यानं मान वर केली.

"किती किलो?" त्यानं विचारलं.