मोनाच्या बाऊलमधला पास्ता

स्टील प्लांटच्या कॉलनीत, आमच्या सेक्टरमध्ये, समोरच्याच क्वार्टरमध्ये मोना राहते. रविवारी तिनं निळ्या फुलांच्या काचेच्या बाऊलमधून पास्ता पाठवला. गोडही आणि खारटही. इटलीत म्हणे कांदा-मनुके घालून असा करतात.

माझा नवरा अतुल प्लांटात आहे. भट्टीजवळ उभं राहून राहून माणूस अबोल होतो, असं मी आजवर समजत होते. लग्न झाल्यापासून हे माझ्या हातचं मुकाट्यानं जेवतात. वडाभात असो की पाटोडी, ना बरं ना वाईट. त्या दिवशी मात्र चमच्यानं बाऊल खरवडत म्हणाले, "मस्त बनवला यार मोना भाभीनं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू, हेवाच वाटला. तो 'मस्त' मला पाहिजे होता, माझ्या स्वयंपाकाला, ह्यांच्याच तोंडून.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची आपल्यात रीत नाही. मी ठरवलं, त्याच बाऊलमधून मोनाला तिचाच पास्ता पाठवायचा, तिच्याहून चांगला. पण त्याआधी ह्यांना ताटात गरमागरम वाढायचा आणि समोर बसून बघायचं.

पावर हाउसच्या मार्केटमधून पास्ता आणला, मोबाइलवर कृती बघितली. पास्ता उकळलेलं पाणी फेकू नका, थोडं शेवटी घाला, असं त्यातली बाई सांगत होती. भाताची पेज न फेकणाऱ्या घरात वाढले मी, मला शिकवते! कांदे मात्र तिच्या सांगण्याप्रमाणे मंद आचेवर परतत उभी राहिले. कांद्याला गोडी सुटेपर्यंत बाईचा जीव जातो. कोमट पाण्यात फुगवलेले मनुके, तळलेले काजू, लसूण, मिरी, लिंबू सगळं पडलं. वरून ब्रेडचा कुरकुरीत चुरा भुरभुरला. चाखून बघितलं तर आधी गोड, मग खारट, आणि मागून मिरीचा ठसका. मोनाच्या पास्त्यात ठसका कुठे होता? मी एकटीच हसले.

तिचा वाटा बाऊलमध्ये काढून टेबलावर झाकून ठेवला, ह्यांचा कढईतच राहू दिला आणि घामाघूम झाले होते म्हणून आंघोळीला गेले. बाहेर येते तर हे फर्स्ट शिफ्टहून आलेले, टेबलाशी बसून बाऊलमधूनच खात होते.

"मोना भाभीनं पुन्हा पाठवला काय?" घास तोंडात असतानाच म्हणाले. "आजचा तं रविवारच्यापेक्षा भारी हाय. हाताले चव पायजे बापा! तू शिकून घे न तिच्यापासून."

ओले केस पुसायचे राहून गेले. मोनाला तिच्याच पदार्थात हरवलं होतं मी, आणि कौतुक चाललं होतं तिचं.

"मी केला हाय थो," मी म्हणाले.

चमचा थांबला. "तू?"

"हो. सकाळपासून करून राहिली होती. भाभीचा नाही, माह्या हातचा खाऊन राहिले तुमी."

त्यांनी आणखी एक घास घेतला आणि या वेळी बराच वेळ चावला.

"तरीच," ते म्हणाले, "मीठ जरासं जास्त वाटून राहिलं होतं."

आणि बाऊलमधला शेवटचा मनुका बोटानं काढून खाल्ला.

कढईतला पास्ता मी त्यांना वाढलाच नाही. मोनालाही पाठवला नाही. ओट्याशी उभी राहून सगळा मीच खाल्ला. मीठ अगदी बरोबर होतं.