चंद्राबाईंच्या हाताचा कंप

म्हसवडजवळच्या एका वाडीत चंद्राबाईंचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या दिल्या. हात स्थिरावला, चाल सुधारली. पण एका रविवारी गोळी चुकली आणि नेमकी ग्रामदैवत सिद्धनाथाची आरती चालू असताना म्हातारीचा हात लागला उडायला! शेजारची शिवांजली ओरडली, "आवं बघा की, मावशीच्या अंगात आलं!"

तेव्हापासून दाराशी नारळांची रास पडू लागली. फौजेतून निवृत्त झालेला मुलगा नाथाजी आधी ओशाळला, मग सुखावला. ज्याला गावात कुणी विचारत नव्हतं, त्याला लोक वाकून रामराम घालू लागले. गोळी दिली की हात थांबे, अन् हात थांबला की लोक हिरमुसून परतत. म्हणून गोळ्या कपाटात मागे सरकल्या.

"आवं, आत्यांना घास गिळंना झालाय," बायको राजेश्वरी म्हणाली.

"तू गप. देव बघतोय सगळं."

सप्ताहाला वाईचे कीर्तनकार देवदत्तबुवा आले. नाथाजीने त्यांना हौसेने दर्शनाला आणलं. चंद्राबाई कुंकवाने माखून, लाकडासारख्या ताठ बसल्या होत्या. बुवा पाया पडले नाहीत. त्यांनी म्हातारीच्या ओठांशी कान नेला.

"काय बोलला देव?" नाथाजीने विचारलं.

"तुमची आई बोलली. 'गोळी दे' म्हणाली."

नाथाजीची नजर कपाटाकडे गेली.

"माझ्या भावाला हाच आजार होता," बुवा म्हणाले. "कीर्तनात मी शब्द टाकतो, मागचे टाळकरी तो झेलतात, तेव्हा रंग भरतो. मेंदूतही असे झेलणारे असतात, त्यांना डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. डोपामाइन नावाचं रसायन त्यांच्यापर्यंत पोचलं, तर हातपाय ऐकतात. यांच्या मेंदूत ते आटलंय. टाळकरी उभे आहेत, पण शब्दच येईना! गोळी तो शब्द पोचवते."

"बुवा, तुमीच असं बोलाया लागला, तर देवाला मानायचं कुणी?"

"मी मानतो! म्हणूनच सांगतो, माझा देव म्हातारीला औषधावाचून ठेवून नाचत नाही!"

नाथाजी आईजवळ बसला. आईच्या कपाळावरचं कुंकू त्याने तिच्याच पदराने पुसलं, तर खालची कातडी सोलवटली होती. अरेरे! फौजी माणूस हमसून रडला. त्याच दिवशी त्याने आईला सांगलीला नेलं.

औषधाने हात स्थिरावला, घास उतरू लागला. पण आखडलेले गुडघे सुटले नाहीत. चंद्राबाई पुन्हा चालल्या नाहीत.

रविवारी बायका नारळ घेऊन आल्या. नाथाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "आई आजारी हाय. देव देवळात हाय, तिकडं जावा."

"लय मातलासा, भाऊजी!" शिवांजली फणकारली.

आतून बारीक आवाज आला, "उशीर केलास रं, नाथा."

वाचकहो, देवाला जरूर हात जोडा. पण आजाराला देव म्हणू नका, आणि आपल्या मनाने कुणाचं औषध तोडू नका. ज्याच्या पाया पडतो, त्याच्या तोंडाशी एकदा कान न्या. तो माणूस मदत मागत असेल, अन् आपली आरती त्याचा आवाज बुडवत असेल.