ड्रायव्हरने नाकारलेला हुकूम

भिवापूरला वडिलांची माती आटोपून सुकेशिनी नागपूरला परतली आणि सरळ ऑफिसात आली. १९८८ साल होतं. ऑफिसातले दोन कंप्युटर तारेने जोडायचे होते. तिचा प्रोग्राम, तार ज्यात खोचली होती त्या नेटवर्क कार्डाला स्वतः हात लावू शकत नव्हता. तो ड्रायव्हर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला हुकूम पाठवायचा आणि ड्रायव्हर कार्डाकडून काम करून घ्यायचा. कार्डाचा पत्ता, म्हणजे तारेवरची त्याची ओळख, बदलल्याशिवाय दुसरा कंप्युटर उत्तर देणार नव्हता; पण तो बदलण्याचा हुकूम ड्रायव्हर सारखा नाकारत होता.

"काहून आली वं आज?" साहेब मुकुंदरावांनी विचारलं. "घरी राहाचं होतं."

"घरी सगळे रडून राहिले, सर. मले रडूच येत नाही."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. तिने ड्रायव्हरची ओळ न् ओळ वाचली. कार्ड चालू असताना तो पत्ता बदलूच देत नव्हता. तिने आधी कार्ड बंद करायचा हुकूम पाठवला, मग पत्त्याचा, मग चालू करायचा. दुसऱ्या कंप्युटरकडून उत्तर आलं.

"जमलं!" मुकुंदराव म्हणाले.

तिला काहीच वाटलं नाही. "सर, आणखी काही काम द्या."

"काम राहू दे. कार्ड बी आधी बंद केल्यावरच बदललं, तू बी आता थांब. चाल, तुले भिवापूरच्या बसवर बसवून देतो."

ती उठली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरली.