धुराचं बटण

मास्तरांना काजळीची मनापासून किळस होती आणि पोट तर काजळीवरच चालत होतं. डिझेल गाड्यांचे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे, उघडायचे, आत साचलेला काळा थर खरवडून काढायचा, धुऊन-पुसून पुन्हा बसवायचे, हे त्यांचं काम. तो थर नुसता काळा नसतो. तेलात कालवलेला असतो, बोटांच्या रेघांत जाऊन बसतो आणि जेवताना घास तोंडाशी नेला की त्याचा वास आधी येतो. म्हणून मास्तर एकावर एक दोन हातमोजे घालायचे. त्यावरून गॅरेजमध्ये त्यांची चेष्टा व्हायची. पूर्वी बारा वर्षं त्यांनी तंत्रशाळेत इंजिन शिकवलं होतं. तेव्हा चिकटलेलं 'मास्तर' हे नाव काही सुटलं नाही.

गॅरेज दोघांचं होतं. मागचा भाग मास्तरांचा: एक लांब टेबल, एक वाकवता येणारा दिवा, भिंतीला ओळीने टांगलेले पाने. पुढचा भाग धाकट्या साडूचा, म्हणजे मास्तरांच्या मेहुणीच्या नवऱ्याचा. तिथे कातडी सोफा होता आणि भिंतीवर मोठा पडदा. त्यावर दिवसभर गाड्या गरगर फिरायच्या. गिऱ्हाइकं आणायची आणि त्यांना खुश ठेवायचं, हे धाकट्याचं काम. दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. यापलीकडे जमण्यासारखं फारसं काही नव्हतं. धाकट्याला गाडीचा आवाज आवडायचा आणि मास्तरांना तिचं गप्प राहणं.

एक दिवस दातांचे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले. वीस वर्षांची जुनी, लांबोडकी हिरवी गाडी. त्यांनी दुसरीकडून तिला भलत्याच गाडीचा टर्बो लावून आणला होता आणि आता ती धड चालत नव्हती. धाकट्याने मास्तरांना न विचारताच सांगून टाकलं की आमच्या मास्तरांसाठी हे म्हणजे काहीच नाही.

काहीच नाही, असं ते नव्हतं. या टर्बोत चाकाच्या भोवती छोट्या पात्यांचं कडं असतं आणि त्या पात्या कलत्या होतात. इंजिन सावकाश फिरत असताना पात्या मिटून घ्यायच्या, म्हणजे धूर अरुंद फटीतून जोरात चाकावर आदळतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसंच. इंजिन जोरात फिरू लागलं की पात्या उघडायच्या, नाहीतर हवेचा दाब इतका चढतो की काहीतरी फुटतं. मिटायचं कधी, उघडायचं किती, हे ठरवतो गाडीतला संगणक. पण डॉक्टरांच्या गाडीतल्या जुन्या संगणकाला या नव्या पाहुण्याचा पत्ताच नव्हता. पहिल्याच फेरीत रबरी नळी बंदुकीसारखा आवाज करून निसटली आणि डॉक्टरांना त्याचंही कौतुक वाटलं.

मास्तरांनी दोन महिने घेतले. आधी टर्बो उघडला, तर पात्या काजळीने जागीच जाम झालेल्या. एकेक पाती सोडवताना काळा चिखल ओघळून टेबलावर पडायचा. त्या आठवड्यात मास्तरांनी दुपारचं जेवण सोडलं. मग त्यांनी एक छोटा डबा तयार केला. इंजिनाचा वेग, पायाखालचं ॲक्सिलरेटर आणि हवेचा दाब या तीन गोष्टी तो बघणार आणि पात्या हलवणाऱ्या छोट्या मोटरला सांगणार, इतकं मिट, इतकं उघड. डब्यात आकड्यांचा तक्ता होता, तीनशेवीस घरांचा. एकेक घर मास्तरांनी गाडी चालवून, थांबवून, लिहून, पुन्हा चालवून भरलं. शेवटी गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अशी सरळ उठली की कुठे धक्का नाही, कुठे दम लागणं नाही. मास्तरांनी सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला आणि धाकट्याला इंजिनाचा वेग वाढवायला सांगितलं. रुमाल पांढराच राहिला. तो त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान, आता धुवायला टाका.

डॉक्टरांनी गाडी चालवून पाहिली, उतरले आणि मागे जाऊन सायलेन्सरकडे बघत उभे राहिले. पळते छान, म्हणाले, पण धूर कुठे गेला? त्यांच्या ओळखीतल्या एकाची गाडी काळा ढग सोडते, मागचा माणूस दिसेनासा होतो. त्यांना तसं हवं होतं. नेहमी नको, हवं तेव्हा. स्टिअरिंगजवळ एखादं बटण.

मास्तरांना वाटलं की हे थट्टा करताहेत. समोर उभा असलेला माणूस दिवसातून तीस वेळा हात धुणारा, पांढऱ्या कोटातला, लोकांना दात घासा म्हणून सांगणारा. पण धाकट्याने तेवढ्यात हो म्हणून टाकलं होतं. पात्या उघड्या ठेवल्या की हवा कमी पडेल, डिझेल तेवढंच जाईल, धूरच धूर होईल. एवढं मास्तरांबरोबर राहून तोही शिकला होता.

मास्तरांनी नाही म्हटलं. तीन दिवस म्हणत राहिले. चौथ्या दिवशी मेहुणीचा फोन घरी आला, की भाऊजींना एवढं काय जड जातंय. बायकोने निरोप सांगितला. पाचव्या दिवशी मास्तरांनी ते बटण बसवलं. घरच्या कटकटीला कंटाळून बसवलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण आणखी एक होतं आणि तेच नंतर त्यांना जास्त टोचलं. टर्बोला इजा न होता हे जमेल का, हे त्यांना बघायचं होतं. हात शिवशिवत होते. आणि जमलं. अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिघे फेरीला निघाले. डॉक्टर चालवत होते, शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन मास्तर, मागे फोन मागच्या काचेला लावून व्हिडिओ काढणारा धाकटा. मोठ्या चौकाच्या अलीकडे रस्त्याच्या मधल्या कठड्याला एक रंगारी पांढरा रंग देत होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा. तोंडावरचं फडकं खाली ओढून तो बाटलीतून पाणी पीत होता. डॉक्टरांनी गाडी हळू केली, त्याच्या बरोबरीला आणली आणि बटण दाबून पाय खाली दाबला.

मास्तरांनी आरशात पाहिलं. काळा लोट जमिनीवरून उठला आणि माणूस, कठडा, रंगाची बादली सगळं गिळून बसला. काचा बंद असूनही वास आत आला. धाकटा मागे हसत होता, मस्त आलंय म्हणत होता. चौकाला वळसा घालून डॉक्टर पुन्हा त्याच बाजूला आले. आता धूर विरला होता. रंगारी तसाच उभा होता, बाटली हातात, आणि त्याच्या समोरचा ओला पांढरा कठडा काळ्या ठिपक्यांनी भरला होता, माश्या बसाव्यात तसा.

"पुरे," मास्तर म्हणाले. "गाडी थांबवा."

डॉक्टर म्हणाले, आणखी एकदाच, मागून नीट आलं नसेल. आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी रंगारी खोकत खाली बसला. पुढच्या सिग्नलला गाडी थांबताच मास्तरांनी लॅपटॉप सीटवर टाकला, दार उघडलं आणि उतरून मागे चालू लागले. धाकट्याने हाका मारल्या. ते वळले नाहीत.

रंगारी कठड्याला टेकून बसला होता. भुवयांवर, ओठांच्या कडांना काळं. त्याने बाटली उलटी केली. पाण्यात तवंग आला होता. मास्तरांनी स्वच्छ रुमाल पुढे केला. रंगाऱ्याने घेतला नाही.

"तुम्ही त्या गाडीत होता ना?" त्याने विचारलं.

"हो. धुराचं ते यंत्र मीच बनवलंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कशासाठी?"

गिऱ्हाईक, साडू, मेहुणी, सगळी कारणं मास्तरांच्या जिभेवर आली आणि एकही त्या माणसाच्या काळ्या तोंडाकडे बघून सांगण्यासारखं वाटलं नाही. रंगारी उठला. मास्तर रुमालाने कठडा पुसायला वाकले, तसा त्याने त्यांचा हात बाजूला केला.

"ओल्याला हात लावू नका, आणखी पसरेल. वाळल्यावर घासायला लागेल."

मग वाळेपर्यंत मास्तर फुटपाथवर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं. रंगारी पुढचा भाग रंगवत राहिला, मधूनमधून खोकत. दोन वाजता त्याने पॉलिशपेपरचा एक तुकडा आणून त्यांच्या पुढ्यात टाकला. मास्तर घासू लागले. कठड्याचे पंधरा ठोकळे होते. काजळी रंगाच्या थरात रुतली होती, घासली की राखाडी भुकटी व्हायची आणि घामावर चिकटायची. हातमोजे गॅरेजमध्येच राहिले होते. त्यांनी नाक शिंकरलं तर काळं आलं. हे आपणच तयार केलं, तेही नीट, बिनचूक, याची त्यांना इतकी शिसारी आली की दोनदा उठून कडेला जावं लागलं. पाचच्या सुमाराला रंगाऱ्याने वाकून एक खाच दाखवली आणि म्हणाला, तिथे राहिलंय. मास्तरांनी तिथे घासलं. नव्याने रंग द्यायला तो एकटाच लागला. ब्रश त्याने मास्तरांच्या हाती दिला नाही.

ते गॅरेजमध्ये परतले तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सकाळचीच फेरी चालू होती. ढग उठत होता, रंगारी दिसेनासा होत होता आणि खाली लिहिलं होतं, आमच्या मास्तरांची कमाल. सोफ्यावर दोन अनोळखी माणसं बसून पुन्हा पुन्हा तेवढाच भाग लावायला सांगत होती. धाकट्याने आनंदाने सांगितलं की दुपारपासून पाच जणांनी असंच बटण मागितलंय. रागावू नका साडूभाऊ, म्हणाला, त्या माणसाला झालंय काय, तोंड धुतलं की संपलं.

मास्तर मागे गेले आणि तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची गाडी आली, तेव्हा त्यांनी डब्यातून धुराचा भाग पुसून टाकला, बटणाची तार कापली आणि गाडी परत दिली. डॉक्टर नाराज झाले, पण भांडले नाहीत. का भांडले नाहीत, ते आठवड्याने कळलं. धाकट्याने आदल्याच दिवशी मास्तरांच्या लॅपटॉपमधून सगळं उतरवून घेतलं होतं आणि एका तारा जोडणाऱ्याला हाताशी धरून ते पुन्हा बसवलं होतं. डॉक्टरांच्या गाडीत आणि आणखी चार गाड्यांत.

मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं ती बहिणीची बाजू घेईल, किंवा त्यांची. तिने दोन्ही केलं नाही. हातातली पिशवी रिकामी करता करता तिने विचारलं, "चौथ्या दिवसापर्यंत नाही म्हणालात, मग पाचव्या दिवशी हो का म्हणालात?" तिच्या आवाजात राग नव्हता. रात्री तिने तेच पुन्हा विचारलं, तेव्हा मास्तरांनी तिला उत्तर दिलं: जमतंय का ते बघायचं होतं. ती म्हणाली, मग आता ते जिथे सांगायला हवं तिथे सांगा.

वाहन तपासणीच्या कार्यालयात एक अधिकारी बाई होत्या. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. अशा गाड्या इथे येतात, यंत्र लावलं की धूर मापात निघतो, आम्ही काय करणार, म्हणाल्या. मास्तरांनी सांगितलं की बटण दाबल्याशिवाय गाडी स्वच्छच चालते, म्हणूनच ती पास होते. मग तंत्रशाळेत फळ्यावर काढायचे तसं त्यांनी कागदावर कडं काढलं, पात्या काढल्या, डबा कुठे लपवता येतो ते दाखवलं, कुठली तार ओढून बघायची ते सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"हे तुम्हाला इतकं बारकाईने कसं माहीत?"

"मी बनवलंय."

"तसं लिहून द्याल?"

मास्तरांनी लिहून दिलं. कोणी सांगितलं हे त्यांनी लिहिलं नाही, फक्त काय केलं ते लिहिलं.

महिन्याभरात तीन गाड्या सापडल्या. त्यात डॉक्टरांची पहिली. डबे काढून घेतले, गाड्या रस्त्यावर आणायला बंदी आली. मास्तरांनाही नोटीस आली आणि वर्षभर कुठल्याही गाडीच्या इंजिनाला हात लावायला त्यांना मनाई झाली. गॅरेजमधलं आपलं टेबल आणि दिवा त्यांनी टेम्पोत घातला. पडदा त्या दिवशी बंद होता. धाकटा सोफ्यावर बसून होता. टेबल दारातून निघत नव्हतं, तरी उठला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "घरातल्या माणसाशी असं करतात का, साडूभाऊ?" मास्तरांनी टेबल आडवं केलं आणि बाहेर काढलं. तो चौक यायच्या आधीच त्यांनी टेम्पोवाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. आपल्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. बरं वाटलं नाही. फक्त जेवताना मळमळायचं थांबलं.

त्या आठवड्यात मेहुणीचा फोन आला. बायको बराच वेळ नुसती ऐकत होती, मग तिने फोन कानापासून दूर धरला आणि म्हणाली, "तिला तुमच्याशी बोलायचंय. बोलेल ते ऐकून घ्या."

मास्तरांनी फोन घेतला, खुर्चीत बसले आणि सगळं ऐकून घेतलं.